देवघरातील पंचायतनाचे दगड कसे वाचावेत

महाराष्ट्रातील अनेक जुन्या घरांत, विशेषतः स्मार्त परंपरा पाळणाऱ्या कुटुंबांत, देवघरातील ताम्हणात पाच लहान दगड असतात. विष्णूचा काळा शाळिग्राम, शिवाचा गुळगुळीत बाण, गणपतीचा तांबडा शोणभद्र, देवीचा पिवळसर धातूसारखा चकाकणारा सुवर्णमुखी आणि सूर्याचा पारदर्शक स्फटिक, असे हे पंचायतन. यांतील एकाही दगडाला नाक, डोळे किंवा हात कोरलेले नसतात, आणि तरीही कोणता दगड कोणाचा हे घरातील शाळकरी मूलही सांगते. खडकांकडे बारकाईने पाहण्याची सवय आणि श्रद्धा यांचा जुना संबंध समजून घ्यायचा असेल, तर पहिला अभ्यास या ताम्हणापासून करावा. त्यासाठी लागणारी सामग्री घरातच आहे, आणि ती पाच वेगवेगळ्या प्रदेशांतून आलेली आहे.

हे वाचन करताना तीन प्रश्न एकमेकांत मिसळू देऊ नयेत. हा दगड कसा तयार झाला, हा पहिला प्रश्न. लोकांनी याच दगडाला देव का मानले, हा दुसरा. आणि तो या घरात कसा पोहोचला, हा तिसरा. पहिल्याचे उत्तर भिंगातून मिळते, दुसऱ्याचे पुराणांतून व लोककथांतून, तर तिसऱ्याचे बहुधा घरातील वडीलधाऱ्यांकडून. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच्या जागी ठेवले की गोंधळ सुरू होतो, आणि या विषयावरचे पुष्कळसे लेखन नेमके त्याच गोंधळात अडकलेले आहे.

तयारी

सर्वप्रथम घरातील ज्यांच्याकडे पूजा आहे त्यांची परवानगी घ्यावी. सोवळ्याचे नियम असतील तर ते पाळून, पूजेनंतर दगड पुसून ठेवण्याच्या वेळीच निरीक्षण करणे सोयीचे ठरते. दहापट मोठे दाखवणारे हातभिंग, एक लहान विजेरी, स्वयंपाकघरातील डिजिटल वजनकाटा, शिवणकामाचा दोरा, काचेचा पेला आणि एक छोटे लोहचुंबक एवढी साधने पुरतात. भूविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत चाकूने ओरखडा काढून कठीणपणा पाहावा किंवा आम्लाचा थेंब टाकून फेस येतो का ते पाहावे, असे सांगितलेले असते. पूजेतल्या दगडांवर या दोन्ही परीक्षा करू नयेत. लिंबाचा रससुद्धा वापरू नये. ओरखडा काढून जे कळते त्यातील बरेचसे, कित्येक पिढ्यांच्या हाताळणीने झिजलेल्या कडा पाहूनही कळते.

दगडाला इजा न करता करता येणारी सर्वांत उपयुक्त परीक्षा घनतेची आहे. आधी कोरड्या दगडाचे वजन ग्रॅममध्ये घ्यावे. मग पाण्याने अर्धा भरलेला पेला काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा आणि दगड दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल, परंतु तळाला किंवा कडांना टेकणार नाही, अशा रीतीने हातात धरून ठेवावा. या वेळी काटा जो आकडा दाखवतो, तो दगडाच्या घनफळाएवढा असतो. कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागले की घनता मिळते. समजा, दगडाचे वजन १५० ग्रॅम आहे आणि काट्याने ५६ दाखवले, तर घनता २.६८ येते. शुद्ध गारेची म्हणजे क्वार्ट्झची घनता २.६५, चुनखडीतील कॅल्साइटची २.७१, बेसॉल्टची म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या खडकाची सामान्यतः २.८ ते ३ आणि पायराइट या लोह-गंधकाच्या सोनेरी खनिजाची ५ च्या आसपास असते. साध्या पाण्यानेच हे होत असल्याने कोणाला आक्षेप घेण्याचे कारण उरत नाही.

शाळिग्राम

पाचांपैकी सर्वाधिक वेळ शाळिग्रामाला द्यावा, कारण श्रद्धेचा आणि भूविज्ञानाचा दीर्घ इतिहास याच दगडात सर्वांत स्पष्ट दिसतो. शाळिग्राम नेपाळातील काली गंडकीच्या खोऱ्यात, मुस्तांग भागात, मुक्तिनाथ आणि दामोदर कुंडाच्या परिसरात सापडतात. वृंदेच्या शापाने विष्णूला पाषाण व्हावे लागले आणि वज्रकीट नावाचा किडा आपल्या वज्रासारख्या दातांनी त्या पाषाणात चक्रे कोरतो, ही कथा पुराणांत निरनिराळ्या रूपांत येते. तुळशीच्या लग्नात शाळिग्रामाला नवरदेवाचा मान मिळतो तो याच कथेमुळे.

आता दगड उजेडात धरून त्याच्यावरील छिद्राकडे, म्हणजे परंपरेच्या भाषेत द्वाराकडे, पाहावे. विजेरीचा प्रकाश तिरपा टाकला की आतल्या भिंतीवर वळत गेलेल्या रेषा दिसतात. हेच चक्र होय. भिंगाखाली प्रत्येक रेषा हा एक उंचवटा असल्याचे दिसते, आणि चक्राच्या मध्याकडून बाहेर जाताना हे उंचवटे हळूहळू मोठे व विरळ होत जातात. अनेक नमुन्यांत एक उंचवटा बाहेरच्या कडेजवळ दोन किंवा तीन फाट्यांत विभागलेला आढळतो. ही खूण मनात पक्की करावी, कारण ती वाढत्या जिवाची आहे. समुद्रात राहणाऱ्या, आजच्या माकूळ आणि नळमाशाच्या दूरच्या नात्यातल्या अमोनाइट नावाच्या प्राण्याच्या शंखावर या उंचवट्यांच्या कडा असत. प्राणी वाढत जाई तसा शंखही गुंडाळत वाढत जाई.

सुमारे १६ ते १४ कोटी वर्षांपूर्वी, भारतीय भूखंड अजून दक्षिणेकडे असताना, त्याच्या उत्तर किनाऱ्यालगत टेथिस नावाच्या समुद्रात काळा चिखल साचत होता. मेलेल्या अमोनाइटचे शंख त्या चिखलात रुतले, कुजणाऱ्या अवशेषांभोवती खनिजे गोळा होऊन कठीण गोळे बनले आणि प्राणवायू नसलेल्या त्या चिखलातील जिवाणूंच्या क्रियेमुळे लोह व गंधक एकत्र येऊन पायराइट तयार झाले. शाळिग्रामात क्वचित दिसणारी सोनेरी रेघ ती हीच. अशा सोनेरी खुणेच्या शाळिग्रामाला परंपरेने हिरण्यगर्भ असे नाव दिलेले आहे. पुढे, सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी, भारतीय भूखंड आशियाला भिडू लागला, समुद्रतळ उचलला गेला, आणि तो चिखल आज स्पिती शेल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खडकाच्या रूपात समुद्रसपाटीपासून हजारो मीटर उंचीवर आढळतो. मुक्तिनाथच सुमारे ३,७०० मीटर उंचीवर आहे. धवलगिरी आणि अन्नपूर्णा यांच्यामधून खोल दरी कापत जाणारी काली गंडकी हा ठिसूळ खडक फोडते, त्यातील कठीण गोळे सुटे होतात, प्रवाहात घासून गुळगुळीत होतात, आणि एखादा टवका उडाला की आतील चक्र उघडे पडते. ज्याला आपण द्वार म्हणतो ते बहुतेक वेळा असे उडालेल्या टवक्याचे ठिकाण असते. भंगलेला शाळिग्रामही पूज्यच मानावा, असा संकेत परंपरेत आहे. तो कसा रूढ झाला असेल याचा विचार नदीकाठावर बसून केला तर फारसे कोडे वाटत नाही, कारण न भंगलेल्या गोळ्यात चक्र दिसतच नाही.

पुराणांतील शाळिग्रामवर्णने या टप्प्यावर काढून वाचावीत. पद्म, गरुड, अग्नी, ब्रह्मवैवर्त इत्यादी पुराणांत द्वारे किती, चक्रे किती, रंग कोणता, वनमालेसारखी रेषा आहे की नाही, आकार केवढा, यांवरून लक्ष्मीनारायण, सुदर्शन, दामोदर, नृसिंह, अनंत अशी नावे दिलेली आहेत. हे वर्गीकरण उघड डोळ्यांनी दिसणाऱ्या लक्षणांवर आधारलेले आहे, आणि ते करणाऱ्यांनी शेकडो नमुने हातात घेऊन पाहिले असले पाहिजेत हे उघड आहे. व्हिक्टर उलिग या पुराजीवशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्पिती शेलमधील अमोनाइटांचे सविस्तर वर्णन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध केले. त्यातही वळ्यांची गुंडाळी, कडांचे फाटे आणि तोंडाचा आकार हीच लक्षणे मोजलेली आहेत. दोन्हीकडे निरीक्षण खरे आहे. फरक उत्तरात आहे: उलिगच्या वर्गीकरणातून खडकाचा काळ ठरतो, तर पुराणांच्या वर्गीकरणातून कोणता शाळिग्राम कोणत्या उपासकाने पुजावा आणि त्याचे फळ काय, हे ठरते.

या इतिहासात एक बाजू अशीही आहे, जी टाळून पुढे जाऊ नये. शाळिग्रामाला स्पर्श करण्याचा अधिकार कोणाला आणि कोणाला नाही, याचे नियम धर्मशास्त्रीय ग्रंथांत आहेत, आणि त्यांनी स्त्रियांना व शूद्र मानल्या गेलेल्यांना बराच काळ दूर ठेवले. म्हणजे या दगडाचे बारकाईने निरीक्षण करण्याची संधीसुद्धा मोजक्याच हातांना मिळाली. आज घरातील ज्या मुलीच्या हातात भिंग असेल तिला ही माहिती असावी.

शाळिग्राम अमोनाइट असल्याचे युरोपीय निसर्गअभ्यासकांच्या लिखाणात अठराव्या शतकाच्या अखेरीस येते. पिएर सॉनेरा या फ्रेंच प्रवाशाने १७८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात तो दगड झालेला शंख असल्याचे लिहिले. त्यांच्याकडेही हा जीवाश्म श्रद्धेपासून मोकळा नव्हताच. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील व्हिटबी येथे सापडणाऱ्या अमोनाइटांना लोक दगड झालेले साप समजत. सातव्या शतकात तेथील मठाची प्रमुख असलेल्या संत हिल्डा यांनी सापांना शाप देऊन पाषाण केले, अशी त्यांची कथा होती. सापांना डोकी का नाहीत, हा प्रश्न तेथील विक्रेत्यांनी शंखाच्या टोकाला छिन्नीने डोके कोरून सोडवला, आणि अशी कोरीव डोकी असलेले नमुने आजही संग्रहालयांत आहेत. एकाच प्राण्याच्या अवशेषाने गंडकीकाठी विष्णूचे चक्र आणि यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर शापित साप व्हावे, याचा अर्थ असा की आकार दगडाने दिला आणि कथा त्या त्या समाजाने दिली.

छिन्नीचा धंदा आपल्याकडेही आहे. काळ्या दगडावर यंत्राने चक्र कोरलेले, किंवा दगडाची भुकटी आणि राळ साच्यात ओतून केलेले शाळिग्राम बाजारात मिळतात. ओळखण्यासाठी पुन्हा कडांकडेच पाहावे. कोरलेल्या चक्रातील रेषा एकसारख्या अंतरावर असतात, त्यांना फाटे नसतात, आणि भिंगातून हत्याराचे समांतर ओरखडे दिसतात. राळेच्या नमुन्याची घनता बहुधा २ पेक्षाही कमी भरते. एक सावधगिरी मात्र बाळगावी: गंडकीतील प्रत्येक दगड अमोनाइट नसतो. २०२३ मध्ये काली गंडकीकाठून अयोध्येला नेलेल्या दोन प्रचंड शिळांनाही वृत्तपत्रांनी शाळिग्रामच म्हटले होते. तेथे नाव नदीवरून आले होते, जीवाश्मावरून नव्हे. आपल्या घरातील शाळिग्रामात चक्र नसेल, तर तो खोटा आहे असे ठरवण्याची घाई करू नये. तो गंडकीचा साधा गोटाही असू शकतो, आणि आणणाऱ्याच्या दृष्टीने त्याची पवित्रता नदीमुळेच होती.

बाण

नर्मदेतील लंबगोल दगडाला आपण बाण किंवा बाणलिंग म्हणतो. शाळिग्रामाप्रमाणेच यालाही प्राणप्रतिष्ठा लागत नाही. दगड स्वयंभू मानला जातो. प्रथम चुंबक दोऱ्याला टांगून बाणाजवळ न्यावे. चुंबक किंचित ओढले गेले, दगड काळपट आणि निस्तेज असला आणि घनता २.८ च्या वर भरली, तर तो बेसॉल्ट असण्याची शक्यता अधिक. चुंबक स्थिर राहिले, पृष्ठभागावर मेणासारखी झळाळी असली आणि घनता २.६ च्या आसपास आली, तर तो सूक्ष्म कणांच्या गारेचा, म्हणजे जॅस्पर, चर्ट किंवा अकीक या कुळातला मानावा. अशा बाणावर फिरणारी पांढरी पट्टी गारेच्या शिरेची किंवा अकीकाच्या थराची असते. परंपरेत तिला जानवे मानतात.

अकीक आणि जॅस्पर यांपैकी बरेचसे दख्खनच्या बेसॉल्टमधील पोकळ्यांत आणि भेगांत खनिजयुक्त पाणी झिरपून तयार झालेले आहेत. म्हणजे पंचायतनातील पाचांपैकी महाराष्ट्राच्या खडकाशी सख्खे नाते सांगू शकेल असा दगड हाच. राज्याचा सुमारे चार-पंचमांश भाग ज्या बेसॉल्टने व्यापला आहे, तो लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पसरला. त्याच सुमारास पृथ्वीवरून अमोनाइट नाहीसे झाले. शाळिग्राम आणि बाण ताम्हणात शेजारी बसतात, पण एकाच्या वंशाचा शेवट आणि दुसऱ्याच्या खडकाचा जन्म भूकालगणनेतही असा शेजारी येतो, हे ध्यानात घेतले तर रोजची पूजा पाहताना थोडी गंमत वाटते.

बाणाचा आकार कसा येतो हे पाहायचे असेल, तर अहिल्यानगर जिल्ह्यात निघोजजवळ कुकडी नदीच्या पात्रातील रांजणखळगे पाहून यावेत. प्रवाहाच्या भोवऱ्यात अडकलेले गोटे गरगर फिरून खडकात रांजण कोरतात आणि त्या घासाघाशीत स्वतःही गुळगुळीत होतात. काठावर मळगंगेचे देऊळ आहे, ते उगीच नाही. नर्मदेवर ओंकारेश्वरच्या वरच्या बाजूला धावडी कुंड येथील धबधब्यात हीच क्रिया मोठ्या प्रमाणावर होत असे, आणि उत्तम बाण तेथेच मिळतात अशी ख्याती होती. ते ठिकाण आता धरणाच्या पाण्याखाली गेले आहे. आज मिळणारे बहुतेक नर्मदेश्वर खरगोन जिल्ह्यातील बकावां या गावी यंत्राच्या चाकावर घडवले जातात. ते नर्मदेच्याच दगडाचे असतात, पण घडण कारागिराची असते. अगदी सममित, दोन्ही टोकांना सारखाच निमुळता आणि आरशासारखी चमक असलेला बाण यंत्राचा समजावा. नदीने घडवलेल्या दगडात एक बाजू किंचित चपटी किंवा तिरकी राहते आणि भिंगातून बारीक आघातांच्या चंद्रकोरी दिसतात.

बाणाच्या शास्त्रोक्त परीक्षेकडे मुद्दाम लक्ष द्यावे. दगड तांदळाबरोबर पुनःपुन्हा तोलावा, आणि दर वेळी तोल सारखा न येता बदलला, तर ते खरे बाणलिंग, अन्यथा साधा दगड, असे जुने ग्रंथ सांगतात. आपण वर केलेल्या घनतेच्या परीक्षेत आकडा दर वेळी सारखा आला तरच आपण त्यावर विश्वास ठेवतो. तराजू एकच, तोलणेही तेच, परंतु एका पद्धतीत वजनाचे न जुळणे ही दैवी सत्तेची खूण ठरते आणि दुसऱ्या पद्धतीत तीच मोजमापाची चूक ठरते. या दोन्हींची सांगड घालण्याच्या खटपटीत पडू नये. जुन्या परीक्षेत काही गूढ विज्ञान दडले होते असे सिद्ध करण्याचे प्रयत्न होतात. ते ना श्रद्धेला शोभतात, ना विज्ञानाला.

उरलेले तिघे

शोण नदीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शोणभद्राबद्दल दगडापेक्षा नदीची कथा अधिक बोलकी आहे. दगड तांबडा असतो, कारण त्यात लोहाचे ऑक्साइड असते. बहुधा तो जॅस्पर किंवा तांबडी गार असतो. शोण आणि नर्मदा या दोन्ही नद्यांचे उगम अमरकंटकच्या परिसरात सांगितले जातात. दोघांचे लग्न ठरले होते, नर्मदेने आपल्या दासीला, जोहिलेला, आपले दागिने घालून पुढे पाठवले, शोणाने तिलाच वधू समजले, आणि रागावलेली नर्मदा तोंड फिरवून पश्चिमेला निघून गेली, अशी लोककथा आहे. जोहिला ही शोणाला मिळणारी एक खरी नदी आहे. भूविज्ञानाच्या नकाशात नर्मदा आणि शोण या दोन्ही नद्या मध्य भारताला आडव्या छेदणाऱ्या एकाच पुरातन भेगपट्ट्याला धरून वाहतात, एक पश्चिमेला आणि दुसरी पूर्वेला गंगेकडे. कथा रचणाऱ्यांना भेगपट्टा ठाऊक नव्हता, पण शेजारी जन्मलेल्या दोन नद्या एकमेकींकडे पाठ फिरवून जातात, हे त्यांनी अचूक टिपले होते. येथे निरीक्षणाचे श्रेय द्यावे, त्यापलीकडे काही देऊ नये.

सुवर्णमुखी ही आंध्र प्रदेशात श्रीकालहस्तीजवळून वाहणारी नदी आहे. तिच्या नावाने घराघरांत असलेला दगड पुष्कळदा पायराइट किंवा चॅल्कोपायराइट हे त्याचेच तांबेयुक्त भावंड निघतो. घनता ५ च्या जवळ, रंग फिकट पितळी आणि चौकोनी स्फटिकांच्या पृष्ठांवर बारीक समांतर रेघा असतील, तर पायराइट समजावे. घनता ४.२ च्या आसपास, रंग अधिक गडद आणि वर जांभळी-निळी छटा असेल, तर चॅल्कोपायराइट. स्फटिकाचे स्थान तमिळनाडूत तंजावरजवळील वल्लम येथे सांगतात. तेथील पारदर्शक गारेचे चष्म्याचे भिंगही होत असे. खरी गार आणि काच यांत फरक करायचा तर दगडामागे एक केस धरून निरनिराळ्या दिशांनी पाहावे. गारेतून काही दिशांना केस दुहेरी दिसतो, काचेतून कधीच दिसत नाही. आत गोल बुडबुडे असतील तर ती काच. गोल स्फटिक खिडकीतल्या थेट उन्हात ठेवू नये. तो भिंगासारखा उन्हाचा किरण एकवटतो, आणि वस्त्र पेटायला तेवढे पुरते.

जुने ग्रंथ आणि मोठे आकडे वाचताना

प्रत्येक पूजेच्या आरंभी संकल्पात श्वेतवाराहकल्प, वैवस्वत मन्वंतर येथपासून ते गोदावरीच्या दक्षिण तीरापर्यंत काळ आणि स्थळ सांगितले जाते. एक कल्प ४३२ कोटी वर्षांचा आणि पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे, हे दोन आकडे शेजारी ठेवून पूर्वजांना पृथ्वीचे वय ठाऊक होते असे म्हणण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो आवरावा. कल्पाचा आकडा युगांच्या आणि ग्रहगतींच्या गणितातून येतो, खडकांतील किरणोत्सारी मूलद्रव्ये मोजून नव्हे. शिवाय परंपरेच्याच हिशेबाने चालू कल्पाची सुमारे १९७ कोटी वर्षे झालेली आहेत, तेव्हा तुलना करायची तर या आकड्याशी करावी लागेल, आणि तो मुळीच जुळत नाही. त्या गणिताचे खरे महत्त्व वेगळे आहे. कोट्यवधी वर्षांच्या कल्पनेला सरावलेल्या समाजाला भूविज्ञानाचा दीर्घ काळ ऐकून धक्का बसला नाही. युरोपात मात्र आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० मध्ये सृष्टीचा आरंभ इसवी सनपूर्व ४००४ मध्ये ठरवला होता, आणि तो आकडा बायबलच्या छापील प्रतींच्या समासात जाऊन बसला होता.

यावरून युरोपात धर्म आणि भूविज्ञान यांच्यात सतत युद्ध चालू होते, असाही निष्कर्ष काढू नये. खडकांचे थर खालून वर साचत जातात हे तत्त्व १६६९ मध्ये मांडणारा निकोलस स्टेनो पुढे १६७७ मध्ये कॅथलिक बिशप झाला. त्याने माल्टाच्या जिव्हापाषाणांचेही कोडे सोडवले. संत पॉल यांच्याशी जोडल्या गेलेल्या त्या दगडांना लोक विषावर उतारा मानत. १६६६ मध्ये फ्लॉरेन्सला आणलेल्या एका शार्कच्या डोक्याचे विच्छेदन करून स्टेनोने ते शार्कचे दात असल्याचे दाखवले. इंग्लंडात विल्यम बकलंड या धर्मगुरूने १८२३ मध्ये गुहांतील हाडांवरून जलप्रलयाचा पुरावा मांडला आणि १८३६ पर्यंत स्वतःच तो सोडूनही दिला. अॅडम सेजविक या दुसऱ्या धर्मगुरूने १८३१ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या अध्यक्षपदावरून आपले प्रलयाचे मत जाहीरपणे मागे घेतले.

आपल्याकडचा सर्वांत जवळचा दाखला नागपूरचा आहे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ पासून तेथे काम करीत होते, आणि त्याच काळात नागपूर परिसरातील जीवाश्म गोळा करीत होते. टाकळी येथे लाव्हाच्या थरांमध्ये सापडलेले गोड्या पाण्यातील शिंपले त्यांनी वर्णिले. १८६३ मध्ये नदीत बुडून त्यांचा मृत्यू झाला. प्रवचन आणि हातोडा यांत त्यांना विसंगती वाटत नव्हती. आपल्या देवघरातील दगड पाहताना तीच ऐसपैस दृष्टी ठेवता येते.

नोंद आणि निगा

प्रत्येक दगडाच्या नोंदीचे वेगळे पान करावे. डाव्या बाजूस वजन, घनता, रंग, चुंबकाचा परिणाम आणि भिंगातून दिसलेल्या खुणा लिहाव्यात. उजव्या बाजूस घरातले त्याचे नाव, त्याच्याशी जोडलेली कथा आणि पूजेतील स्थान. खाली तो कोणी, कोणत्या यात्रेत, साधारण कधी आणला हे लिहावे. ही शेवटची ओळ सर्वांत आधी भरावी, कारण भिंगातली माहिती पन्नास वर्षांनीही मिळेल, आजीच्या आठवणीची तशी खात्री नाही.

पायराइट असलेल्या दगडांची निगा विशेष घ्यावी लागते. ओलसर हवेत पायराइटचे ऑक्सिडीकरण होऊन पांढरी-पिवळी भुकटी सुटते आणि आम्ल तयार होते. ते चुनायुक्त शाळिग्राम आतून पोखरते. म्हणून अभिषेकानंतर सुवर्णमुखी आणि सोनेरी रेघेचा शाळिग्राम कोरड्या सुती कापडाने पुसून, वाऱ्यावर पूर्ण सुकवूनच संपुष्टात ठेवावा. पंचामृतातील दही आंबट असते, तेव्हा पंचामृतानंतर साध्या पाण्याने स्नान घालण्याचा नेहमीचा विधी काटेकोरपणे पाळावा. चिंच, लिंबू किंवा भांडी घासण्याची भुकटी यांनी हे दगड कधीही उजळू नयेत.

पूजा पुढे चालवणारे कोणी नाही म्हणून पंचायतन नदीत सोडण्याची वेळ काही घरांवर येते. त्याआधी एखाद्या महाविद्यालयाच्या भूविज्ञान विभागात विचारून पाहावे. नोंदवहीसह आलेला नमुना अशा ठिकाणी उपयोगाचा ठरतो. विसर्जनच करायचे ठरले, तर निदान नोंदवही तरी जपून ठेवावी. नाशिकला गोदावरीच्या पात्रात कधी काळी एखाद्या विद्यार्थ्याला टेथिस समुद्रातला अमोनाइट सापडला, तर तो बेसॉल्टच्या प्रदेशात कसा आला, याचे उत्तर त्या वहीखेरीज दुसरीकडे कोठेही मिळणार नाही.